डाव्या हाताची गाठ

"हॅलो, हॅलो," भाचीने गिटारच्या तारांजवळ तोंड नेऊन म्हटलं आणि बाहेरच्या खोलीतल्या अ‍ॅम्पमधून तिचाच आवाज आला. बारीक, लांबचा, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा. "ऐकलंस ना मावशी? गिटार आहे की टेलिफोन? घरी मी कुणाशी बोलत असले की मागून अ‍ॅम्प पण बोलतो. परवा तर दचकून मागेच बघितलं मी. वाटलं, आई आली."

"आई कुठली येतेय," मी म्हटलं. "पिकअपमध्ये हवा राहिलीय. दुसरं काही नाही."

म्हटलं खरं, पण एवढंच नव्हतं. गिटार टेबलावर ठेवल्या ठेवल्या मी तिला ओळखलं होतं. तारांखालची पांढरी प्लेट, कडेने पिवळी पडलेली, मानेच्या मागे मी पूर्वी कामाला होते त्या कारखान्याचा शिक्का. आमच्या कारखान्याच्या गिटारी माझ्याकडे दुरुस्तीला येतात, नाही असं नाही. पण माणसाचं बोलणं ऐकणारी एकही चोवीस वर्षांत आली नव्हती. येऊ नये असंच मला वाटायचं. खोटं कशाला बोलू?

"मी नवीन आणलीय," भाचीने पर्समधून छोटी डबी काढली. आत कापसात ठेवलेली काळी, चकचकीत पिकअप. "सगळे म्हणतात, कंपनीची काढून टाक, बाजारातली भारी बसव. पण मला आधी दोन्ही ऐकायच्यात. मग ठरवू."

ही पोरगी आईवर गेलीय. धाकटी पण अशीच होती. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ती कुणाला वाईट म्हणायची नाही. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला जाऊन चार महिने झाले होते, आणि ही गिटार तिनेच आणलेली.

माझं काम गिटारी दुरुस्त करण्याचं. घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक भिंग आणि मेण वितळवायचं एक भांडं, एवढंच माझं दुकान. मला गिटार वाजवता येत नाही. पिकअप मात्र मला झोपेतही कळते. तारांच्या खाली जो लोहचुंबकाचा आणि तांब्याच्या तारेचा तुकडा असतो ना, तार हलली की तिची वीज करून अ‍ॅम्पकडे पाठवणारा, ती पिकअप. केसाहून बारीक तार, तिचे आठ हजार वेढे. पोरं येतात आणि कंपनीच्या पिकअपला नावं ठेवतात. मी म्हणते, बाबांनो, आधी तिची उंची तर नीट करा. नवी जोरात वाजते म्हणून ती चांगली वाटते. मोठ्याने बोलणारा माणूस शहाणा वाटतो तसलाच प्रकार. दोघींचा आवाज सारखा करा आणि मग डोळे मिटून सांगा कुठली बरी. निम्मे लोक तिथेच गप्प होतात.

"बस," मी भाचीला म्हटलं. "तेच तीन सूर तीनदा वाजव. आधी हळू, मग जोरात. फोनवर रेकॉर्ड कर. अ‍ॅम्पच्या बटणांना हात लावायचा नाही."

तिने वाजवलं. मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. सुका, मोकळा आवाज, थोडा नाकातला. हळू छेडलं की हळूच उत्तर देणारा. आणि प्रत्येक सुराच्या मागे खोली ऐकू येत होती. भाचीचा श्वास, खुर्चीची करकर, माझ्या बांगडीचा टेबलाला लागलेला आवाजसुद्धा.

"आईने ही गिटार आणली कशाला?" मी विचारलं. "ती तर कधी वाजवत नव्हती."

"मी पण हसले होते तेव्हा. दोन वर्षं झाली. मी म्हटलं, आई, आता या वयात काय बँड काढतेस? तर म्हणाली, वाजवायला नाही गं, बघायला आणलीय." भाची हसली, मग हसू तोंडातच राहिलं. "तुला माहितीये, ती सुट्टीच्या दिवशी जुन्या गिटारींच्या दुकानांतून फिरायची? किती वर्षं! एका दुकानदाराने मला सांगितलं. म्हणे, एक बाई येते, एकेक पांढरी गिटार अ‍ॅम्पला लावायला सांगते, तिच्याशी बोलते, आणि काही न घेता निघून जाते. ते तिला वेडी म्हणायचे."

मी पेचकस शोधायला लागले. तो माझ्या हातातच होता.

आता सांगायलाच हवं.

आम्ही दोघी बहिणी त्या कारखान्यात शेजारी शेजारी बसायचो. यंत्र चुंबकाचा साचा गरगर फिरवायचं आणि आम्ही चिमटीतून तार सोडायची. बोट जरा दाबलं की तार तुटायची, जरा सैल सोडलं की वेढे ढिले. वेढे झाले की वरून सुती दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची आणि ती पिकअप गरम मेणात बुडवायची. मेण आत शिरतं, आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. बुडबुडे थांबेपर्यंत काढायची नाही. वीस मिनिटं लागतात. आधी काढली तर आत हवा राहते, तारेचे वेढे थरथरतात, आणि मग पिकअप शिट्टी मारते, कुणी बोललं तर तेही ऐकते.

प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग वेगळा. तक्रार आली तर कुणाच्या हातची ते लगेच कळावं म्हणून. धाकटीचा हिरवा, माझा पिवळा. धाकटीचा हात काय होता म्हणून सांगू! कारखान्यात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मी थोरली, पण मी तिच्याकडे बघून शिकले. शिवाय मी डावखुरी. माझ्या गाठीचं शेपूट उलटीकडे वळायचं. ती मला चिडवायची, "उलट्या डोक्याची आणि उलट्या गाठीची."

ही भाची चार वर्षांची असताना तापाने फणफणली. धाकटीने सुट्टी मागितली, सुपरवायझरने दिली नाही. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. मी तिला म्हटलं, तू मागच्या दाराने जा, तुझ्या वाटच्या चाळीस मी करते. तुझ्याच दोऱ्याने करते, म्हणजे तुझ्या नावावर लागतील. माझ्या चाळीस करून मग तिच्या चाळीस केल्या मी. उपकारच केले. पण शेवटी पाठ मोडून आली, शेवटची बस निघायची वेळ झाली, आणि मी तो ट्रे दहा मिनिटांत मेणातून बाहेर काढला. बुडबुडे येत होते. मी ते बघितलं होतं.

दोन महिन्यांनी गिटारी परत यायला लागल्या. शिट्ट्या मारतात, बोलणं ऐकतात. उघडलं की हिरवा दोरा. दुसरीच्या दोऱ्याने काम केलं तर दोघींनाही घरी पाठवायचे, असा नियम होता. भोंग्याने गाठी बघितल्याच नाहीत, त्याला रंग पुरला. परत आलेल्या सगळ्या पिकअप त्याने हातोडीने फोडायला लावल्या. त्या संध्याकाळी धाकटीने मला विचारलं, "ताई, तू केलेल्यांतल्या तर नसतील ना गं? बुडबुडे थांबले होते ना?"

मी म्हटलं, "थांबले होते."

एवढंच. एक वाक्य. तिने त्यावर विश्वास ठेवला. मग खोट तिच्याच हातात आहे, असं ती धरून चालली. तिला काढलं. मला ठेवलं. पुढे ती पोहण्याच्या तलावावर टॉवेल द्यायचं काम करायची. "टॉवेल देताना चूक होत नाही," म्हणायची आणि हसायची. आमचं भांडण कधीच झालं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती महिन्यातून एकदा यायची, याच खोलीत दाराशी बसून चहा घ्यायची, माझे हात चालताना बघत राहायची. सुईत दोरा ओवायचा झाला तरी माझ्याकडे द्यायची. "तू कर ताई, माझ्या हाताचं काही खरं नाही." आणि मी करायचे. मला लाज नव्हती.

"मावशी, उघडतेस ना?" भाची म्हणाली.

मी प्लेटचे स्क्रू सोडवले. पहिल्याच स्क्रूला कळलं, हे कुणीतरी अलीकडे उघडलेलं आहे. खाचा नव्या चमकत होत्या. प्लेट उलटी केली, तिला बसवलेल्या पिकअपवर भिंग खाली ओढलं.

हिरवा दोरा. गाठीचं शेपूट उलटीकडे वळलेलं. माझी गाठ.

आणि तिच्या शेजारी, त्याच हिरव्या दोऱ्यावरून एक पिवळा दोरा बांधलेला. माझा रंग. त्याची गाठ सरळ होती. धाकटीची. बावीस वर्षं सुई हातात न घेतलेल्या बाईने मारलेली गाठ, आणि ती इतकी सुबक की मला आजही तशी जमायची नाही. तिच्या हाताला काहीही झालं नव्हतं.

म्हणजे तिला कळलं होतं. दोन वर्षं आधी कळलं होतं. त्यानंतरही ती पंधरा-वीस वेळा इथे आली, दाराशी बसली, चहा प्यायली, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. एक शब्द बोलली नाही. माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती का? मी काय बोलत होते त्या दिवसांत? भाज्या महाग झाल्यात, पोरं गिटारींना नावं ठेवतात, हेच.

"काय गं? खराब झालीय का फार?" भाचीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जुनी आहे, एवढंच."

बघा, चोवीस वर्षांनी दुसऱ्यांदा तेच केलं मी. तोंड उघडलं आणि खोटं बाहेर पडलं. मुकाट्याने जुनीच्या वायरी सोडवल्या, नवी जोडली, उंची मोजून सारखी केली. वायरी सोल्डर करताना वितळलेल्या धातूचा थेंब प्लेटवर पडला. असं माझ्याकडून कधी होत नाही.

भाचीने पुन्हा तेच तीन सूर वाजवले. नवीचा आवाज भरीव, गोल. हळू वाजवा की जोरात, चेहरा एकच. मागे खोली नाही, श्वास नाही, कुणी नाही. आम्ही फोनवर दोन्ही आळीपाळीने ऐकल्या. कुठली कुठली ते न बघता. भाचीने चारही वेळा बरोबर ओळखल्या.

"नवी चांगली आहे," ती म्हणाली, पण चेहरा उतरलेला. "म्हणजे, चुकत कुठेच नाही. जुनीत आपण बसलोय असं वाटतं."

"नवीच ठेव," मी घाईने म्हटलं. "जुनीची कटकट कशाला? राहू दे इथेच, मी टाकून देईन."

"टाकून?" ती माझ्याकडे बघायला लागली. "आईची आहे ती. आणि मावशी, आई दवाखान्यात असताना मला म्हणाली होती, गिटार मावशीकडूनच उघडून घे. दुसऱ्या कुणाचा हात लावू नकोस. मी विचारलं का, तर म्हणाली, तिला तिचं काम ओळखता येतं." तिने रिकामी डबी मिटली. "मला वाटलं, तुझं कौतुक करतेय. जाऊ दे. एकदा पुन्हा जुनी लाव ना. शेवटचं ऐकते, मग ठरवते. आणि या वेळी मी बाहेर अ‍ॅम्पपाशी बसते. तू छेड नुसती."

ती बाहेर गेली. मी नवी काढली, जुनी पुन्हा जोडली. प्लेट बसवली नाही. पिकअप माझ्यासमोर उताणी पडलेली, हिरव्यावर पिवळा. बाहेरून भाचीचा आवाज आला, "हं मावशी, वाजव!"

मी तारांना हात लावला नाही. वाकले आणि पिकअपजवळ तोंड नेलं.

"धाकटे," मी म्हटलं.

बाहेरच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "धाकटे."

माझा आवाज जाड आहे. त्या तारेतून गाळून तो बारीक होऊन आला, आणि तुम्हाला शपथेवर सांगते, तो धाकटीचा होता. अगदी तिचा. लहानपणी फोनवर लोक आमच्यात फसायचे. क्षणभर वाटलं, उठावं आणि वायर उपटून टाकावी. बाहेर पोरगी आपल्या आईचा आवाज ऐकतेय. पण आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, हे मला माझ्याबद्दल माहीत होतं.

"बुडबुडे थांबले नव्हते," मी म्हटलं. "मी तुझ्याशी खोटं बोलले. पोर तापात होती, तू घरी गेलीस, तुझ्या हिरव्या दोऱ्याने मी त्या चाळीस केल्या. मला बस गाठायची होती. दहा मिनिटं आधी काढल्या. तुझ्या हातात काही खोट नव्हती. कधीच नव्हती. कामावरून काढतील म्हणून मी घाबरले, आणि नंतर... नंतर उशीर झाला म्हणून घाबरले. तू शोधत फिरलीस. तुला सापडलं, तरी तू माझ्याकडे चहा पीत बसलीस. मला माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

शब्द मागोमाग तिच्या आवाजात परत येत राहिले. मी गप्प झाले तसा तोही गप्प झाला. अ‍ॅम्पची नुसती घरघर.

मग घरघर पण बंद झाली. भाचीने बटण बंद केलं होतं.

ती दारात येऊन उभी राहिली. तिची आई बसायची त्याच जागी. चेहरा पांढराफटक. मला वाटलं ओरडेल, गिटार उचलून निघून जाईल. मी त्याची तयारी केली होती.

"आईने माझी वेणी कधीच घातली नाही," ती म्हणाली. "समोरच्या काकू घालायच्या. शाळेत सगळ्या मुलींच्या आया घालायच्या. मी म्हणायचे, आई, घाल ना. म्हणायची, माझ्याने वाकडी होईल." ती थांबली. "माझ्या शाळेच्या शर्टाची बटणं पण तू लावायचीस."

"हो."

"मला वाटायचं, तू किती चांगली आहेस."

मी मान खाली घातली. ती जवळ आली, भिंगात वाकून बराच वेळ बघत राहिली. मी तिला दोन्ही गाठी दाखवल्या, कुठली कुणाची ते सांगितलं. तिने पिवळ्या गाठीवर बोटाचं टोक ठेवलं, अगदी हलकं.

"ही आईने मारली?"

"तिनेच. अशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही."

ती रडली. मी जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ती बाजूला सरकली. बरोबर आहे तिचं. मी हात मागे घेतला आणि प्लेटवरचा सोल्डरचा थेंब खरवडत बसले.

मग तिने तोंड पुसलं. "हीच ठेवायची," ती म्हणाली. "नवी नको."

"शिट्टी मारेल. ऐकत राहील सगळं."

"त्या दिवशी किती मिनिटं राहिली होती?"

"दहा."

"मग ती पूर्ण कर."

"अगं, मग ती ऐकणार नाही. मेण आत गेलं की बहिरी होईल. तिचा तो आवाज..."

"कर म्हटलं ना."

मी मेणाचं भांडं चालू केलं. मेण हळूहळू पातळ झालं. पिकअप सोडवली, दोन्ही दोऱ्यांना धक्का न लावता वायरींना धरून मेणात सोडली. भाची स्टूल ओढून समोर बसली, नजर भांड्यात. पिकअप बुडली आणि तळातून बुडबुड्यांची एक माळ वर आली. त्या दिवसाची हवा होती ती. चोवीस वर्षं आत बसलेली. मी ट्रे घाईने वर उचलला तेव्हा त्या खोलीत जी होती तीच. शेजारची धाकटीची खुर्ची रिकामी होती आणि तिच्या पाठीवर तिचा रुमाल वाळत होता.

माळ तुटली. मग एकेक, सुटे बुडबुडे यायला लागले. दहा मिनिटं झाली. माझी बोटं वाफेने लाल झाली होती, मी वायरी सोडल्या नाहीत.

"थांबले का, मावशी?" भाचीने विचारलं.

मी नीट वाकून बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून येतायत."